तिसऱ्या मजल्याचं दार

आषाढातला शनिवार होता. बेळगावात आषाढ म्हणजे चार-चार दिवस ऊन दिसत नाही, जिन्यावरचे ओल्या चपलांचे ठसे वाळत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या अक्का नातवाला घेऊन बाजाराला निघाल्या होत्या. त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं, वर कुठेतरी खडखड झाली, थांबली, म्हणून नेहमीसारखं बाहेरचं दार ओढलं. दार उघडलं. आत लिफ्ट नव्हती.

नातू पुढे घुसायचा, तो त्या दिवशी पदर धरून मागे उभा होता. त्याने तो पदर ओढला आणि म्हणाला, "आजी, आत काळं आहे." अक्कांचा एक पाय उंबऱ्यावर होता. हातातली छत्री तेवढी सुटली. ती खाली गेली आणि पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला.

आमची इमारत टिळकवाडीत आहे. खाली पार्किंग, वर चार मजले, बारा घरं. लिफ्ट बसवून वीस वर्षं झाली. सहा माणसांची, आत ओढायचं जाळीचं दार आणि प्रत्येक मजल्यावर बाहेर उघडणारं लोखंडी दार. असोसिएशनचा सेक्रेटरी मी. अक्कांनी आधी सुनेला हाक मारली, सून धावत माझ्याकडे आली. मी वर जाऊन मेन स्विच पाडला आणि पाचही दारांवर कागद चिकटवले. मग तिसऱ्या मजल्यावर जाऊन ते दार दोन-तीनदा उघडून बघितलं. हात थरथरत होता हे लिहायला मला लाज वाटत नाही.

दुपारी देखभालीचा मुलगा आला. वीस-बावीस वर्षांचा असेल, आम्ही त्याला तम्मा म्हणतो. मशीन रूममध्ये त्याने कंट्रोलरचं झाकण काढलं तेव्हा मी टॉर्च धरून शेजारी उभा होतो. दोन टर्मिनलच्या मध्ये तांबड्या वायरचा वीतभर तुकडा लावलेला होता. बाकीच्या वायरी जुन्या, धुळकटलेल्या, आणि हा एकच तुकडा नवा.

"तम्मा, ही वायर कसली?"

तो गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, तुम्हीच म्हणालासा की. लिफ्ट सारखी बंद पडतीया, लोक माझा जीव खात्यात, कसंही कर पण चालू करून जा, म्हणून."

मी म्हणालो होतो. फोनवर, जूनच्या शेवटी, अगदी ह्याच शब्दांत.

मी उद्यमबागेत मशीन शॉपला 31 वर्षं काढली आहेत. आमच्या प्रेसला पुढे गार्ड असायचा, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून बसवलेलं झाकण. गार्ड उघडा असला की प्रेस हलायची नाही, कारण गार्डला एक स्विच असतो. काम लवकर उरकायला कुणी तो स्विच दोरीने बांधून ठेवला तर मी त्या माणसाला त्याच दिवशी मशीनवरून उठवायचो. आणि माझ्याच घराच्या लिफ्टमध्ये मी तेच करायला सांगितलं होतं. मला ते कळलं नव्हतं, एवढंच.

हे दाराचं प्रकरण नीट सांगतो, कारण बहुतेक घरांत लिफ्टची भीती म्हणजे रोप तुटायची भीती. रोप सहसा तुटत नाही. एका लिफ्टला एकापेक्षा जास्त रोप असतात, आणि ते सगळे मिळून नेहमीच्या ओझ्याच्या कितीतरी पट भार पेलतील असे निवडलेले असतात. शिवाय लिफ्ट ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने खाली निघालीच, तर गव्हर्नर नावाचं चाक ते ओळखतं आणि लिफ्टखालचे जबडे गाईड रेलला, म्हणजे लिफ्ट ज्यांवरून सरकते त्या लोखंडी रुळांना, घट्ट पकडतात. दाराला एवढी राखण नसते. तिथे दोनच गोष्टी असतात. एक आकडा, जो लिफ्ट त्या मजल्यावर नसताना दार बाहेरून उघडू देत नाही. आणि एक विजेचा संपर्क, जो आकडा बसल्याशिवाय लिफ्टला हलू देत नाही. लिफ्ट मजल्यावर येऊन थांबली की तिच्यावरचा कॅम बाहेर येऊन आकड्याची चाकी दाबतो आणि आकडा सुटतो.

आमच्या तिसऱ्या मजल्याचा आकडा झिजून गोल झाला होता आणि त्याची स्प्रिंग मेली होती. दार लागलं तरी तो पूर्ण बसायचा नाही, मग संपर्क जुळायचा नाही आणि लिफ्ट उभी राहायची. महिनाभर ती वरचेवर बंद पडत होती ती ह्याच कारणाने. लिफ्ट महिनाभर आम्हाला सांगत होती की तिसऱ्या मजल्याचं दार लागत नाही. आम्ही तिला बिघडली म्हणालो, आणि त्या तांबड्या वायरने तो संपर्क परस्पर जोडून तिचं बोलणं बंद केलं. त्या शनिवारी लिफ्ट चौथ्या मजल्यावर गेली ती तिसऱ्याचं दार अर्धवट लागलेलं असताना.

त्या मुलावर सगळं ढकलून मोकळं होता आलं असतं. त्याच्या वरच्या माणसाने त्याला ना नवीन लॉक दिलं होतं, ना बंद ठेवायची मुभा. एका दिवसात किती लिफ्ट बघायच्या असतात विचारलं तर म्हणाला, कधी सात, कधी आठ. महिन्याची सर्व्हिस म्हणजे पंधरा-वीस मिनिटं, तेलाचा हात, आणि वॉचमनच्या वहीत सही.

रात्री मी जुनी फाईल काढली. तीन सेक्रेटरी बदलून ती माझ्याकडे आलेली. त्यात लायसन्स होतं, पण बिल्डरच्या नावावर, आणि तो धंदा बंद करून गाव सोडून गेलेला. तपासणीची फी भरल्याची शेवटची पावती सहा वर्षांपूर्वीची. मधल्या काळात कुणालाच आठवण झाली नाही. देखभालीचे पैसे दर वर्षी भरतो म्हणजे सगळं झालं, असं आम्ही धरून चाललो होतो. देखभाल करणारा आपण नेमलेला माणूस असतो. सरकारी तपासणी ही त्याच्या कामावरचीही तपासणी असते. एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही.

कोल्हापूरच्या मेव्हण्यांना फोन केला. त्यांनी तत्परतेने फॉर्म पाठवले, नियम पाठवले. सगळं मराठीत, वाचायला सोपं. दुसऱ्या दिवशी कळलं की ते महाराष्ट्राच्या 2017 च्या लिफ्ट कायद्याचं आहे. आमचं असंच होतं. पेपर मराठी, नातेवाईक पलीकडचे, मोबाईलवर येतं ते पुण्या-मुंबईचं, म्हणून आपण 'सोसायटी' म्हणतो आणि तिकडचे नियम तोंडपाठ सांगतो. कायदा मात्र सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर बदलतो. इथे फ्लॅटवाल्यांच्या असोसिएशनला 1972 चा कर्नाटक अपार्टमेंट ओनरशिप कायदा लागतो, आणि लिफ्टला 2012 चा कर्नाटक लिफ्ट, एस्कलेटर आणि पॅसेंजर कन्व्हेयर कायदा, त्याखालचे 2015 चे नियम. लिफ्ट बसवायच्या आधी परवानगी, बसवल्यावर चालवायला लायसन्स, त्यानंतर तपासणी, आणि अपघात झाला तर कळवायचं, हे सगळं विद्युत परिवीक्षणालयाकडे. आपल्याकडे त्याला इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टरचं ऑफिस म्हणतात. हेस्कॉम, म्हणजे घराघरात वीज देणारी कंपनी, ते वेगळं. मी आधी हेस्कॉमकडेच जाणार होतो.

ऑफिसात टेबलावरच्या बाईंनी फाईल उलटून पहिला प्रश्न केला, "यार हेसरल्ली इदे?" कुणाच्या नावावर आहे? बिल्डरच्या, म्हणालो. मग आधी नाव बदलून घ्या, म्हणाल्या. असोसिएशनच्या नोंदणीची प्रत, मला अधिकार दिल्याचा ठराव, जुनं लायसन्स, देखभालीचा करार, लिफ्टची माहिती, आणि फीचं चलन. चलन खजाने-2 ह्या सरकारी वेबसाइटवर घरबसल्या निघतं, बँकेची रांग लागत नाही. अर्ज मात्र मी एकट्याने लिहू शकलो नसतो. माझं कन्नड बाजारात, कारखान्यात बोलण्यापुरतं चांगलं आहे, पण सरकारी अर्ज लिहायला बसलं की हात अडतो. पहिल्या मजल्यावरची मुलगी, बारावीतली, तिने तासाभरात सुंदर अक्षरात लिहून दिला. लिहिता लिहिता तिने मला विचारलं, "मामा, 'आकडा झिजला होता' हेही लिहू का?" मी म्हणालो, लिही. वायरचंही लिही.

ठरावासाठी मीटिंग पार्किंगमध्ये घेतली. पाऊस चालूच होता, खुर्च्या आत ओढून बसलो. पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, आम्ही लिफ्ट वापरत नाही, आम्ही का भरायचं? एक घरमालक गोव्यात असतात, ते फोनवरून म्हणाले, भाडेकरूकडून घ्या. ह्याची उत्तरं देता येतात. अवघड होतं ते वेगळंच. एक जाणते गृहस्थ, ज्यांचा मी मान ठेवतो, म्हणाले, "अहो, इन्स्पेक्टरला स्वतःहून घरी आणायचं? ते दहा गोष्टी काढणार. लॉक बदला, वायर काढा, विषय संपवा की."

बऱ्याच माना हलल्या. खरं सांगायचं तर माझंही मन तिकडे झुकलं होतं. तेवढ्यात अक्का बोलल्या. त्या मीटिंगला कधी येत नाहीत, त्या दिवशी तीन मजले उतरून आल्या होत्या.

"माझी छत्री अजून खालीच आहे," म्हणाल्या.

ठराव झाला.

तपासणीला साहेब आले ते सकाळी दहाला. सोबत एक मदतनीस आणि देखभालवाल्यांचा मोठा मिस्त्री. तम्माही होता. मला वाटलं होतं कागद बघतील, बटण दाबतील, जातील. ते तीन तास होते आणि सुरुवात त्यांनी अगदी वरून केली.

मशीन रूममध्ये आमच्या गणपतीचं मखर होतं. लाकडी पट्ट्या, कागदी फुलं, दिव्यांच्या माळा, गुंडाळलेला गालिचा, सगळं मोटरच्या शेजारी. वर्षानुवर्षं तिथेच ठेवत आलो, जागा कोरडी म्हणून. साहेबांनी त्याकडे बोट दाखवलं आणि मला विचारलं, मोटरमधून ठिणगी उडाली तर? ही खोली फक्त लिफ्टची. कुलूप लावा, उजेड करा, आग विझवायचं नळकांडं ठेवा. त्या खोलीच्या खाली एक उभी पोकळी आहे जी प्रत्येक घराच्या दारापर्यंत जाते, आणि धूर त्यातूनच पसरेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मखर त्याच दिवशी खाली उतरवलं.

मग ब्रेक. लिफ्टचा ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि विजेने सुटतो, म्हणून वीज गेली की लिफ्ट आहे तिथे पकडली जाते. आमच्या ब्रेकचं अस्तर एका बाजूने जास्त झिजलं होतं. मला वाटायचं ब्रेक गेला की लिफ्ट खालीच येणार. मिस्त्रीने समजावलं की रोपच्या दुसऱ्या टोकाला लिफ्टला तोलणारं जे वजन असतं ते रिकाम्या लिफ्टपेक्षा जड असतं, साधारण अर्ध्या प्रवाशांइतकं जास्त. त्यामुळे एकटा माणूस आत असताना ब्रेक सुटला तर लिफ्ट वर पळेल. ते ऐकल्यापासून अस्तराच्या त्या चकतीकडे मी वेगळ्या नजरेने बघतो.

भाराची पाटी वाचली: 6 माणसं, 408 किलो. माणशी 68 धरतात. आमच्याकडे लग्नसराईत आठ जण घुसायचे आणि कुणी काही बोलायचं नाही, कारण ओव्हरलोडची घंटाच नव्हती. सिमेंटची आठ पोती आत ठेवून लिफ्ट वर-खाली नेली, मजल्याला बरोबर थांबते का पाहिलं. नंतर पोती काढून, लिफ्ट अगदी हळू खाली येत असताना, मिस्त्रीने वर गव्हर्नर हाताने अडकवला. खालून एक दणका आला, भिंतीत जाणवला, आणि लिफ्ट जागच्या जागी रुतली. जबड्यांनी रेल धरले होते. वीस वर्षांत पहिल्यांदा मी हे पाहिलं. अक्कांचा नातू जिन्यात बसून बघत होता, त्याने टाळ्या वाजवल्या.

आणि मग दारं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये उभी करून साहेब स्वतः एकेक मजला उतरत गेले. "बागला तगीरी," दार उघडा, म्हणायचे, आणि तम्मा सगळा जोर लावून दार ओढायचा. दुसरं, पहिलं, तळमजला, ही उघडली नाहीत. तिसऱ्याला तात्पुरता आकडा लावला होता, तेही नाही. चौथं उघडलं. सगळेच गप्प झालो. तिथे चौथ्या मजल्यावर तात्या राहतात, वय 84, नजर अधू. ते रोज सकाळी एकटे लिफ्टने खाली येतात.

शेवटी पिट, म्हणजे लिफ्टच्या खालचा खड्डा. तळमजल्याचं दार उघडून मदतनीस खाली उतरला. पाणी गुडघ्याच्या खाली होतं. लिफ्टचा धक्का झेलणाऱ्या बफरच्या स्प्रिंगांवर गंजाचे पापुद्रे, उजेड नाही, आणि खाली काम करणाऱ्याने लिफ्ट थांबवायला जो स्विच असावा लागतो तो पाण्यात बुडून निकामी झालेला. म्हणजे तम्मा दर महिन्याला त्या खड्ड्यात उतरत असेल तर त्याच्या डोक्यावर लिफ्ट येऊ नये ह्यासाठी काहीच नव्हतं. मी त्याला विचारलं. म्हणाला, "मी उतरतच न्हवतो मामा. भ्या वाटायचं." मदतनीसाने वर येताना छत्री आणली. काड्या गंजल्या होत्या, कापड शाबूत.

लेखी अहवालात अकरा गोष्टी आल्या. पाचही मजल्यांची लॉक बदला. आतल्या जाळीच्या दाराचा संपर्क बदला. ब्रेकचं अस्तर, पिटचं पाणी, स्टॉप स्विच, ओव्हरलोड, मोटरच्या दोन्ही अर्थिंगच्या जोडण्या, घंटा आणि आतला दिवा बॅटरीवर. दुरुस्ती होऊन फेरतपासणी होईपर्यंत लिफ्ट बंद. ती बंद राहिली 26 दिवस. तात्यांना दोनदा खुर्चीत बसवून चार मजले उतरवलं, आम्ही चौघांनी आळीपाळीने. कुणी कुरकुर केली नाही असं नाही, पण आता प्रत्येकाने चौथ्या मजल्याचं ते दार उघडताना पाहिलं होतं.

पैशांचं थोडक्यात सांगतो. बारा घरांत सारखी वाटणी केली, पहिल्या मजल्यासकट. पाण्यासाठी पिटच्या भिंतींना वॉटरप्रूफिंग लागलं, तेच सगळ्यात महाग पडलं. वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर आणून सोडणारं बॅटरीचं यंत्र, एआरडी, त्याच वेळी बसवून घेतलं. ते अहवालात नव्हतं, आम्हीच ठरवलं. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट कशी जाते ते बेळगावकराला सांगायला नको.

देखभालीचा करार मात्र मी नव्याने लिहून घेतला आणि त्यावर दोन संध्याकाळी घातल्या. करार दोन तऱ्हेचे असतात. एकात फक्त मजुरी, पार्ट लागला की वेगळं बिल. दुसऱ्यात बहुतेक पार्टही धरलेले. मजुरीवाला स्वस्त दिसतो, पण त्यात प्रत्येक पार्टसाठी मीटिंग, कोटेशन, वाट बघणं, आणि त्या वाट बघण्यातच तांबडी वायर लागते. आम्ही दुसरा घेतला. दाराची लॉक आणि ब्रेकचं अस्तर त्यात नाव घेऊन लिहून घेतलं, कारण 'झीज होणारे भाग सोडून' असं बारीक अक्षरात असतं आणि झिजतं ते नेमकं हेच. शिवाय एक ओळ घातली: सुरक्षेचा कुठलाही संपर्क वायरीने परस्पर जोडून लिफ्ट चालू ठेवायची नाही, पार्ट नसेल तर बंद ठेवायची आणि सेक्रेटरीने त्याबद्दल तक्रार करायची नाही. शेवटचा भाग मी मुद्दाम लिहिला. तो माझ्यासाठी आणि माझ्यानंतर येणाऱ्यासाठी आहे.

वॉचमनकडे दाराची किल्ली असायची, ती काढून घेतली. त्याला वाईट वाटलं. त्याला मी समजावलं की लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आपण दार उघडून माणसाला उडी मारायला लावली, तर लिफ्टच्या तळाखाली जी फट राहते तिच्यातून माणूस मागे घसरून खाली जाऊ शकतो. आत थांबणं सुरक्षित असतं, हवा येत असते, घंटा वाजवायची आणि मिस्त्री येईपर्यंत बोलत राहायचं. हे आम्ही लिफ्टमध्ये मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून लावलं आहे. दोन्हीकडचं अक्षर त्या बारावीच्या मुलीचंच.

लायसन्स आता असोसिएशनच्या नावावर आहे. पुढच्या तपासणीची तारीख मी कालनिर्णयवर तांबड्या पेनने लिहिली आहे आणि त्या मुलीलाही सांगून ठेवली आहे.

तम्मा अजून तोच येतो. आता त्याला दीड तास लागतो. पहिल्या आठवड्यात त्याने विचारलं, "मामा, वहीत काय लिहू? ओके लिहू?" मी म्हणालो, ओके नको, जे केलंस ते लिही. त्याची वही माझ्यासमोर आहे. परवाची नोंद अशी: 'लिफ्ट पहिल्या मजल्यावर. तिसरं दार ओढून पाहिलं, उघडलं नाही. चौथं दार ओढून पाहिलं, उघडलं नाही.' खाली त्याची सही, आणि शेजारी अक्कांची, कारण त्या दाराशी उभ्या होत्या आणि त्यांनीही ओढून पाहिलं.